रीफ टँकमधील डोझिंग

दगडी प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून आपला सांगाडा बांधतात. समुद्रात हा साठा त्यांना कधी कमी पडत नाही. रीफ टँकमध्ये, म्हणजे घरी प्रवाळ पाळायच्या दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीत, तो काही दिवसांतच घटू लागतो. घटलेला भाग मोजून, थोडाथोडा करून परत घालण्याला डोझिंग म्हणतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते, तर क्षारता, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे माप, साधारण ७ डीकेएच (क्षारतेचे एकक) असते. टाकीत क्षारता ७ ते ११ च्या दरम्यान कुठेही चालते, पण ती रोज बदलता कामा नये. टाकीत केवळ मऊ प्रवाळ असतील, तर बहुधा नियमित पाणीबदल पुरतो आणि डोस सोडणाऱ्या पंपाचा खर्च वाचतो.

गोव्यात मुरगावजवळच्या ग्रांदे बेटाभोवती प्रवाळ आहेत. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे. मात्र दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे तिथला तुकडा घरच्या टाकीसाठी उचलणे हा गुन्हा ठरतो.

पंप घेण्याआधी टाकीची भूक मोजावी लागते. डोझिंग बंद ठेवून दोन दिवसांच्या अंतराने, दिवसाच्या एकाच वेळी क्षारता तपासावी. समजा, २०० लिटर पाण्यात ती ८.६ वरून ७.४ वर आली, तर रोजची खपत ०.६ डीकेएच झाली. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे इथे दिवसाला ३.६ ग्रॅम. लिटरभर आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात ७२ ग्रॅम सोडा विरघळवला, तर रोज ५० मिलिलिटर द्रावण पुरते. त्याच्या जोडीला दुसऱ्या डब्यात लिटरमागे ६३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घेतले, की दोन्ही डबे समसमान संपतात. सोडा आणताना बेकिंग पावडर हाती येणार नाही एवढे पाहावे. तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेले असतात. हाच सोडा ओव्हनमध्ये तासभर भाजला तर त्याचे सोडियम कार्बोनेट होते आणि ते टाकीचा पीएच वाढवते. पावसाळ्यात खिडक्या बंद असताना घरातला कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो, तेव्हा त्याचा उपयोग होतो. मॅग्नेशियम फार हळू खपते; महिन्यातून एकदा तपासले तरी भागते.

कॅल्शियम क्लोराइड हवेतले पाणी शोषते आणि इथेच गोव्याचा जुलै आडवा येतो. उघडी राहिलेली पिशवी सकाळी पाहावी तर चिकट ढेकळे, आणि दोन दिवसांत त्यांचा पाक झालेला. असा माल तोलला तर वजनात पाणीच जास्त येते आणि डोस कमी पडतो. म्हणून पाकीट फोडले की सगळ्याचे द्रावण एकदमच करून ठेवणे शहाणपणाचे. पावडर हळूहळू पाण्यात टाकावी, कारण विरघळताना भांडे चांगलेच तापते.

डोझिंगसाठी पेरिस्टाल्टिक पंप वापरतात. गायीचे दूध काढताना बोटे जशी सड दाबत खाली येतात, तसे त्यातले रूळ लवचिक नळीला दाबत फिरतात. द्रावण नळीखेरीज कशालाच लागत नाही. बसवल्यावर पंप एक मिनिट चालवून मोजपात्रात किती मिलिलिटर आले ते पाहावे आणि पंपात तोच आकडा भरावा. डोस दिवसभरात वाटून द्यावा: ५० मिलिलिटर म्हणजे तासाला दोनच. सोडा आणि कॅल्शियम एका जागी, एका वेळी पडता कामा नयेत, नाहीतर दोघांचा चुनखडीचा साका होऊन पाणी दुधाळ दिसते. सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, जोरदार प्रवाहाच्या दोन वेगळ्या जागा निवडाव्यात आणि वेळाही अर्ध्या तासाने मागेपुढे ठेवाव्यात. नळ्यांची टोके पाण्याच्या वर ठेवावीत. टोक बुडालेले असेल आणि रूळाखालची नळी झिजली, तर टाकीतले पाणी उलटे डब्यात उतरू शकते.

पंपाऐवजी चुन्याची निवळी हा जुना आणि स्वस्त मार्ग आहे. शिंपल्या भाजून केलेला चुना गोव्यातल्या जुन्या घरांच्या भिंतींना आहेच. टाकीसाठी मात्र शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्यावे, पानाचा चुना नको. लिटरभर पाण्यात ते सुमारे दीड ग्रॅमच विरघळते. बाकीचे तळाशी बसते आणि वरची निवळी उडालेल्या पाण्याच्या जागी घालतात. वरच्या उदाहरणातली दिवसाची गरज एक लिटरहून थोड्या जास्त निवळीत भागते. पण उडते तेवढेच पाणी भरता येते, आणि मे महिन्यात जे सहज जमते ते पावसाच्या दमट हवेत जमत नाही. जुलैत पंखा लावूनही लिटरभर पाणी उडत नसेल, तर निवळी अपुरी पडते; प्रवाळांची भूक मात्र तेवढीच राहते. त्या चार महिन्यांत उरलेला भाग दोन डब्यांच्या पंपाने द्यावा लागतो. निवळीचा डबा झाकलेला असावा, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पांढरी साय धरते आणि ताकद जाते.

दोन डब्यांच्या पद्धतीत सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे साधे मीठच, मागे उरते आणि खारटपणा हळूहळू चढतो. पाणीबदल करून तो उतरवावा. वादळी पावसात वीज गेली की काही स्वस्त पंपांचे घड्याळ शून्यावर येते, म्हणून वीज आल्यावर आधी वेळापत्रक पाहावे. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. क्षारता दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नये. नळीच्या टोकावर जमणारा पांढरा खडा आठवड्याला व्हिनेगरने धुवावा. महिन्यातून एकदा मोजपात्र पुन्हा खाली धरावे. दहाऐवजी नऊ मिलिलिटर येऊ लागले आणि टोक साफ असले, तर नळी झिजली असे समजून ती बदलावी.