विमान हवेत थांबलं, तर न्यूयॉर्क खाली येईल का?

मुलाकडं अमेरिकेला जाऊन आलेली मंडळी रंकाळ्यावर भेटली की एक हिशेब हमखास निघतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना जवळपास १६ तास, येताना दीड-दोन तास कमी. सरळ अंतर तेच, साडेबारा हजार किलोमीटर. मग कुणीतरी शंका काढतं: पृथ्वी पूर्वेकडं फिरते, म्हणजे जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडं येत असणार. उलट, वेळ जाताना वाचायला नको का?

शंका रास्त आहे. कोल्हापूरची जमीन ताशी १६०० किलोमीटरनं पूर्वेकडं धावतेय. पण हवाही तिच्याबरोबर धावते, आणि उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उभ्या विमानालाही तो वेग आधीच मिळालेला असतो. चाकं उचलली म्हणून तो जात नाही. धावत्या एसटीत उडवलेलं नाणं मागच्या सीटवर पडतं का?

फरक पाडतो वारा. आणि गंमत म्हणजे तो वारा पृथ्वीच्या फिरण्यातूनच येतो.

विषुववृत्तावरची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडं निघते. तिथल्या जमिनीसारखाच तिचा पूर्वेकडचा वेग ताशी १६७० किमी. ३० अंश अक्षांशावर ती पृथ्वीच्या अक्षाजवळ सरकलेली असते. कोनीय संवेग (अक्षापासूनचं अंतर आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरणारा फिरण्याचा जोर) टिकवायचा तर वेग १९३० च्या घरात जायला हवा. खालची जमीन मात्र १४५० नंच फिरते. म्हणजे हवेनं जमिनीच्या पुढं ताशी ४८० किमीनं पळायचं! घर्षण आणि भोवरे यातलं बरंच खाऊन टाकतात, तरी १०-१२ किमी उंचीवर दीडशे-दोनशेचा झोत उरतो. हाच जेट प्रवाह: जाताना समोरून, येताना पाठीशी. (त्याहून उत्तरेकडचा झोत थंड-उबदार हवेच्या तापमानातल्या फरकावर पोसतो, ते गणित निराळं.) वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले, पण अहवाल छापला एस्परांतो या फार थोड्यांना येणाऱ्या कृत्रिम भाषेत! जगाला त्याचा दणका कळला तो दुसऱ्या महायुद्धात, जपानवर गेलेली अमेरिकी बॉम्बर विमानं त्यात सापडली तेव्हा.

जाताना बसलेला फटका येताना भरून निघतो, असंही नाही. विमान ९०० चं आणि वारा १०० चा धरा. जाताना १५ तास ३८ मिनिटं, येताना साडेबारा तास. वाराच नसता, तर दोन्ही मिळून २१ मिनिटं वाचली असती. वाऱ्याविरुद्धच्या संथ वेगात आपण जास्त वेळ काढतो, म्हणून.

फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं; जमिनीच्या हिशेबानं वेग ताशी १३०० च्या वर गेला होता. अशा वेळी ‘ध्वनीपेक्षा वेगवान’ म्हणून पोस्टी फिरू लागतात. फुकाचा गाजावाजा! ध्वनीशी तुलना करायची ती विमानाच्या हवेतल्या वेगाची, आणि तो नेहमीइतकाच होता.

हिवाळ्यात उत्तर भारतावर असलेला ३० अंशांजवळचा झोत पावसाळ्यात हिमालयापलीकडं सरकतो. तेव्हा दक्षिण भारतावर चक्क पूर्वेकडून येणारा झोत वाहतो; भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात तो दाखवून दिला. पश्चिमेला निघालेल्या विमानाला तो पाठीशी मिळायला हवा, पण त्याचा खरा जोर १४-१५ किमीवर, बहुतेक प्रवासी विमानांच्याही वर असतो.