पडलं तरी पाय खाली

परवा एका मित्राने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. उताणं धरलेलं मांजर हातातून सुटतं, हवेतल्या हवेत वळतं, चारी पायांवर उतरतं आणि काही घडलंच नाही अशा थाटात चालू लागतं. खाली ओळ होती: ‘मांजराची शेपटी म्हणजे त्याचं सुकाणू!’ व्हिडिओ झकास, ओळ मात्र चुकीची. शेपटीचा हातभार थोडाफार लागतही असेल, पण शेपटी नसलेली मांजरंसुद्धा पडताना वळतातच. आणि नुसत्या शेपटीच्या जोरावर अख्खं शरीर फिरवायचं, तर ती पंख्याच्या पात्यासारखी गरागरा फिरवावी लागेल. व्हिडिओ सावकाश करून पाहा, तसं काही दिसत नाही.

मग मांजर वळतं कसं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एकोणिसाव्या शतकात भल्याभल्यांची त्यावर पंचाईत झाली होती.

शाळेत आपण संवेग अक्षय्यतेचा नियम शिकलो. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते, तो हा नियम. फिरण्यालाही असाच नियम आहे. बाहेरून कोणी पीळ दिला नाही, तर वस्तूचा कोनीय संवेग, म्हणजे सोप्या भाषेत तिच्या घुमण्याचा एकूण साठा, बदलत नाही. बर्फावर गिरकी घेणारी खेळाडू हात जवळ घेते आणि वेग वाढवते, पण गिरकीचा साठा तिने आधीच बर्फाला पाय रेटून मिळवलेला असतो. पाण्यात सूर मारणारा फळीवरून सुटतानाच गिरकी घेऊन निघतो. मांजराकडे यातलं काही नसतं. ते स्थिर धरलेलं असतं आणि नुसतं सोडलं जातं. रेटायला काही नाही. गुरुत्वाकर्षण सगळ्या शरीराला सारखंच खाली ओढतं, त्यामुळे त्यातूनही पीळ मिळत नाही. थोडक्यात, सुरुवातीला साठा शून्य, म्हणून पडेपर्यंत शून्यच. तरीही सुरुवातीला पाठ खाली होती आणि शेवटी पाय खाली आहेत.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल, म्हणजे विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडणारा तोच, याच्या नादी लागला होता. हा माणूस खिडकीतून मांजरं फेकायचा, अशी आख्यायिका केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पसरली होती. १८७० साली बायकोला लिहिलेल्या पत्रात त्याने खुलासा केला, की मांजर किती चटकन वळतं एवढंच पाहायचं होतं, आणि त्यासाठी ते टेबलावर किंवा पलंगावर दोन इंचांवरून सोडायचं. एवढ्याशा उंचीवरूनही ते पायांवरच उतरतं, असं तो म्हणतो. दोन इंच पडायला एक दशांश सेकंद लागतो. मॅक्सवेलबद्दल पूर्ण आदर राखूनही मला हे थोडं जास्तच वाटतं.

वादाचा निकाल लावला कॅमेऱ्याने. १८९४ मध्ये एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रं घेतली आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. हे यांत्रिकीच्या नियमांत बसत नाही, मांजर सुटताना धरणाऱ्याच्या हातालाच रेटा देत असणार, असा काही सदस्यांचा आक्षेप होता. छायाचित्रांत तर सुटल्यावरचे पहिले काही क्षण मांजर अजिबात फिरताना दिसत नव्हतं. वळणं सुरू होतं ते नंतर, हवेत. त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ही चित्रं छापली आणि वर शेरा मारला, की पहिल्या मालिकेच्या शेवटी मांजराच्या चेहऱ्यावर दिसणारा मानभंग पाहता त्याला वैज्ञानिक संशोधनात रस नसावा.

आता खरी गंमत. अकादमीतल्या मंडळींची चूक कुठे झाली? त्यांनी मांजराला मनातल्या मनात लाकडी ओंडका धरलं होतं. ओंडका असता तर तो वळलाच नसता. पण मांजराच्या पुढच्या अर्ध्या आणि मागच्या अर्ध्या भागाला वेगवेगळं फिरता येतं. त्याचा कणा कमालीचा लवचिक असतो आणि गळपट्टीचं हाड नावापुरतंच असतं. पुढचा भाग उजवीकडे, मागचा डावीकडे, असे दोन्ही फिरले तरी बेरीज शून्यच राहते. नियम एवढंच मागतो. दोघांनी सारख्याच कोनातून फिरावं, असं तो कुठेही म्हणत नाही!

मारेच्या चित्रांवरून निघालेला खुलासा असा. आधी मांजर पुढचे पाय छातीशी घेतं आणि मागचे लांब ताणतं. पुढचा भाग आटोपशीर झाला, म्हणून सहज फिरतो. मागचा पसरलेला, म्हणून जेमतेम हलतो. मग अदलाबदल होते. पुढचे पाय ताणायचे, मागचे जवळ घ्यायचे आणि मागचा भाग पुढच्याच्या मागोमाग फिरवून आणायचा.

हे घरी करून पाहता येतं, मांजराशिवाय. फिरत्या खुर्चीत पाय उचलून बसा, दोन्ही हातांत एकेक जाड पुस्तक घ्या. हात समोर लांब ताणून सावकाश उजवीकडे न्या, खुर्ची डावीकडे सरकेल. आता हात छातीशी घेऊन परत डावीकडे आणा. खुर्ची मागे येईल, पण कमी. पुन्हा हात ताणा, पुन्हा तेच. सावकाश मात्र हवंच, कारण झटके दिले तर खुर्चीचं घर्षण तुम्हाला मदत करतं आणि ती चोरी ठरते. मी केलं तेव्हा खिडकीकडे असलेलं तोंड दाराकडे यायला आठ-नऊ फेरे लागले आणि खांदे भरून आले ते वेगळंच.

इथे थोडी आकडेमोड. समजा, पाय ताणलेला अर्धा भाग फिरायला आखडलेल्यापेक्षा तिप्पट विरोध करतो आणि कंबरेला १२० अंशांचा पीळ बसू शकतो. पहिल्या टप्प्यात पुढचा भाग ९० अंश पुढे जाईल, मागचा ३० अंश उलटा. दुसऱ्या टप्प्यात मागचा ९० पुढे, पुढचा ३० मागे. निव्वळ कमाई दोघांची ६० अंश. गरज १८० अंशांची. म्हणजे हाच खेळ तीनदा व्हायला हवा, आणि मांजर तर एका झटक्यात वळतं. तेव्हा पाय आखडणं-ताणणं ही अर्धीच गोष्ट झाली.

उरलेली अर्धी कंबरेत आहे. राडेमाकर आणि तेर ब्राक या डच संशोधकांनी १९३५ मध्ये ती ओळखली. पुढे १९६९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या केन आणि शेर यांनी मांजराचे दोन नळकांडी भाग कल्पून समीकरणं सोडवली आणि निघालेल्या आकृत्या खऱ्या मांजराच्या छायाचित्रांवर ठेवून पाहिल्या. त्या छान जुळल्या. कल्पना समजायला रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या. तिच्यावर लांबीभर पेनाने रेघ मारा आणि रेघ वाकाच्या आत येईल अशी नळी इंग्रजी ‘यू’सारखी वाकवा. दोन्ही टोकं चिमटीत धरून अशी फिरवा, की ‘यू’ जागेवर राहील आणि नळी मात्र स्वतःभोवती लोळेल. वाकाच्या आत असलेली रेघ हळूहळू बाहेर येते. आता ‘यू’च्या दोन बाजूंकडे वरून पाहा: एक घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, दुसरी उलटी. बेरीज शून्य. रेघेच्या जागी मांजराचं पोट ठेवा, काम झालं. मांजर इतकं घट्ट दुमडत नाही, ते ‘व्ही’सारखं वाकतं, म्हणून दोन बाजू एकमेकींना पुरत्या खोडत नाहीत. राहिलेली बाकी सगळा ‘व्ही’ उलट दिशेला थोडा फिरून चुकती करतो.

गणितज्ञांना यात आणखी खोल रस आहे. गाडीला आडवं सरकता येत नाही, तरी पुढे-मागे करत आपण ती आडवी सरकवून दोन गाड्यांच्या मधे बसवतोच. मांजराचं वळणं त्याच कुळातलं आहे: आकार बदलत बदलत मूळ आकारावर आलं, पण दिशा बदलून बसली. हाच धागा धरून १९९३ मध्ये रिचर्ड मॉन्टगोमेरी यांनी पडत्या मांजराचा संबंध मूलकणांच्या सिद्धांतात वापरल्या जाणाऱ्या गणिताशी जोडला. यापुढे मीही चाचपडतो, म्हणून इथेच थांबलेलं बरं. केन यांचा हेतू मात्र व्यावहारिक होता. अंतराळवीराला कशाचाही आधार न घेता तोंड फिरवता यावं, म्हणून नासाला अशा हालचाली हव्या होत्या, आणि केन यांनी त्या ट्रॅम्पोलिनवर उडणाऱ्या माणसाकडून करवून घेतल्या.

वर कुठे आणि खाली कुठे, हे मांजराला अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियामुळे कळतं. डोळे बांधले तरी ते वळतं. पिल्लांना हे जन्मतः येत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धडपड सुरू होते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत हात बसतो.

मांजराला नऊ जन्म असतात ही दंतकथा या पायांवर उतरण्यावरूनच निघाली असावी. आडव्या जाणाऱ्या मांजराला घाबरणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. काळं मांजर ब्रिटन आणि जपानमध्ये शुभ मानतात, एवढं सांगून मी गप्प बसतो. मला जास्त काळजी वाटते ती विज्ञानाच्या वेशात फिरणाऱ्या थापांची. ‘मांजर जितक्या उंचावरून पडेल तितकं सुरक्षित’ हे वाक्य तुम्हीही वाचलं असेल. त्याचं मूळ १९८७ च्या एका लेखात आहे. न्यूयॉर्कमधल्या दोन पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद तपासली. सुमारे ९० टक्के वाचली होती, आणि सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना इजा कमी दिसल्या. त्याचं कारणही सुचवलं गेलं: ताशी ९७ किलोमीटरच्या आसपास मांजराचा वेग वाढायचा थांबतो, मग ते सैलावतं आणि अंग पसरतं. खरं असेलही. पण दवाखान्यात आणली जातात ती जिवंत मांजरं. जागीच मेलेलं मांजर नोंदवहीत येईल कशाला? २००४ मध्ये क्रोएशियातल्या झाग्रेबच्या पशुवैद्यांनी ११९ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात सातव्या किंवा त्याहून वरच्या मजल्यावरून पडलेल्यांच्या इजा जास्त गंभीर होत्या, विशेषतः छातीच्या.

पायांवर उतरणं आणि सुखरूप उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांजर वळतं ते अर्ध्या सेकंदाच्या आत. त्यानंतरचे मजले त्याला नुसतेच पडायचे असतात. घरात मांजर असेल तर खिडकीला जाळी लावा.