ज्युदोतला 'दो' कुठून आला

पोराला ज्युदोच्या क्लासला घालताना पालक हमखास म्हणतात, 'जरा शिस्त लागेल.' ज्युदोच्या संस्थापकाचीही हीच अपेक्षा होती.

१८७६ मध्ये जपानी सरकारने सामुराईंच्या तलवारी उतरवल्या. त्यांच्या जुन्या विद्यांना वाली उरला नाही. जुजुत्सू या निःशस्त्र झुंजीच्या विद्येचे कित्येक उस्ताद हाडं बसवून पोट भरत. म्हणूनच अंगाने किरकोळ असलेला, शाळेत मार खाल्लेला जिगोरो कानो गुरू शोधायला निघाला तो थेट हाडवैद्यांची दारं ठोठावत. गुरू मिळाले, पण जुजुत्सू म्हणजे दांडगाई, हा लोकांचा समज कायम होता. १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्याने कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, तेव्हा 'जुत्सू' म्हणजे कसब, हा शब्द टाकून 'दो' म्हणजे मार्ग, हा शब्द घेतला.

निव्वळ नाव बदलून भागणार नव्हतं. कानो एक हिशेब मांडून दाखवत. समोरच्याची ताकद दहा, माझी सात. त्याने जोर लावला आणि मीही लावला, तर मीच मागे जाणार. पण तो ढकलतो तेवढाच मी मागे सरलो आणि तोल सांभाळला, तर तो पुढे झुकतो. त्याची ताकद तीनवर येते, माझी सातच राहते. मग निम्म्या जोरातही काम होतं. हिशेब सोपा, पण ढकललं की उलट ढकलायचं हा शरीराचा स्वभाव. राग आला की खांदे ताठरतात, आणि ताठरलेला माणूस पाडायला सोपा. तेव्हा डोकं थंड ठेवणं ही इथे डावाचीच पूर्वअट आहे. घातक डाव मोकळ्या सरावातून वगळले, पडायचं कसं ते आधी शिकवलं, म्हणून पूर्ण जोराने झुंजूनही जोडीदार दुसऱ्या दिवशी सरावाला यायचा.

कानो पेशाने शिक्षक. झुंज आणि काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचे डाव, यांच्या जोडीला त्यांनी व्याख्यानं आणि प्रश्नोत्तरंही ठेवली. शक्तीचा उत्तम वापर आणि परस्परांचं कल्याण ही दोन सूत्रं त्यांनी १९२२ मध्ये जाहीर केली, म्हणजे कोदोकानला चाळीस वर्षं झाल्यावर.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदाच आला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत डच आंतोन खेसिंकने अकिओ कामिनागाला चटईवर दाबून धरून हरवलं. जपानी प्रेक्षक सुन्न झाले. डच पाठीराखे आनंदाने चटईकडे धावले, तेव्हा खेसिंकने जल्लोष न करता हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं. अजून प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करायचा राहिला होता.