उरलेल्या फांद्यांचा नाताळ

नाताळच्या दिवसांत दारावर टांगायची हिरवी गोल रीथ आता दुकानात तयार मिळते, त्यामुळे ती विकतच आणायची वस्तू आहे असं वाटू लागलं आहे. युरोपात कित्येक शतकं तसं नव्हतं. पानगळ संपल्यावर कुंपणात आणि रानात जे हिरवं उरायचं, तेच घरात यायचं. इतिहासकार जॉन स्टो यांनी १५९८ साली लंडन शहराचं तपशीलवार वर्णन लिहिलं. नाताळात घरं आणि चर्च हॉली (काटेरी पानांचं सदाहरित झाड), आयव्ही (सदाहरित वेल) आणि लॉरेलने सजवत, शिवाय त्या ऋतूत जे काही हिरवं मिळेल तेही लावत, अशी त्यात नोंद आहे. या प्रथेचं मर्म त्या शेवटच्या तुकड्यात आहे.

प्रथा नाताळाहून जुनी आहे. रोमन लोकांचा सॅटर्नेलिया हा सण १७ डिसेंबरला सुरू होई आणि पाठोपाठ जानेवारीच्या पहिल्या तारखेला नववर्ष येई. या दिवसांत दारं लॉरेलने सजत. लॉरेल म्हणजे आपल्या तमालपत्राच्याच कुळातलं झाड. नववर्षाला एकमेकांना शुभ म्हणून डहाळ्या देत, त्यांना ‘स्ट्रेनी’ म्हणत. फ्रेंचांचा नववर्षाच्या भेटीचा ‘एत्रेन’ हा शब्द त्यातूनच आला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे ख्रिस्ती लेखक टर्टुलियन यांनी इसवी सन २००च्या सुमारास तक्रार केली होती, की ख्रिस्ती लोकांच्या दारांवर इतरांपेक्षा जास्त दिवे आणि लॉरेल दिसतात. म्हणजे धर्म बदलला, तरी दारावरची डहाळी सुटली नाही.

इंग्लंडमध्ये या हिरवाईचा संबंध थेट शेतीशी आहे. हॉलीच्या फांद्या हिवाळ्यात मेंढ्यांना चारा म्हणून तोडत. झाडाच्या वरच्या भागातली पानं बरीचशी बिनकाट्याची असतात, ती जनावरं आवडीने खातात. हॉलीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि लाल फळं फक्त मादीला धरतात. मिसलटो तर आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाचा दूरचा नातलग. तो सफरचंदाच्या फांदीत मूळ रोवून तिचं पाणी ओढतो आणि माजला की झाड खंगतं. म्हणून वूस्टरशर आणि हेरफर्डशरच्या बागांत तो काढावाच लागतो, आणि हे काम हिवाळ्यात होतं, कारण पानं झडल्यावर त्याचे हिरवे गोळे लांबूनही दिसतात. त्याच भागातल्या टेनबरी वेल्स गावात नाताळाआधी त्याचे लिलाव होतात. फेकून द्यायचं बांडगूळ अशा रीतीने नाताळात छताला टांगलं गेलं.

या फांद्यांवरून भांडणंही झाली. इंग्लंडच्या संसदेने १६४७ साली नाताळ साजरा करण्यावर बंदी घातली. त्या डिसेंबरात लंडनच्या कॉर्नहिलमधला सार्वजनिक पाण्याचा हौद तरुण कामगारांनी हिरवाईने सजवला आणि ती उतरवायला नगरप्रमुखाला माणसं घेऊन जावं लागलं. त्याच कॉर्नहिलमध्ये १४४४ साली हॉली आणि आयव्ही ठोकलेला खांब वादळाने उखडला होता, असं स्टो सांगतात. तो फेब्रुवारीतल्या कॅण्डलमस या ख्रिस्ती सणाचा दिवस होता. म्हणजे तेव्हा ही सजावट २ फेब्रुवारीपर्यंत राहत असे.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या ‘राउहेस हाउस’ या अनाथ मुलांच्या संस्थेत योहान विखर्न यांनी १८३९ साली लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून. त्या चाकावर फर या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्या नंतर आल्या आणि त्याची रीथ झाली. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेलं झाड १८४८ साली चित्रासह छापून आलं आणि घराघरांत पूर्ण झाड उभं करण्याची हौस वाढली. झाडाबरोबर नवा उरलेला माल आला. बुंधा स्टँडमध्ये बसावा म्हणून खालच्या फांद्या कापाव्याच लागतात, आणि त्यातून एक रीथ सहज निघते.

रीथ ही मुळात आखूड तुकड्यांची कला आहे. लांब फांदी वळवून गोल केली तर ती एका बाजूला फुगते. तीस सेंटिमीटर व्यासाच्या चौकटीला १२ ते १५ सेंटिमीटरच्या डहाळ्या लागतात. डहाळ्यांचे बुंधे ठेचू नयेत, तिरपे कापावेत आणि रात्रभर पाण्यात ठेवावेत. चौकटीवर आधी ओलं शेवाळ बांधावं. मग चार-पाच डहाळ्यांची जुडी ठेवून बारीक तारेचे तीन घट्ट वेढे द्यावेत. तार कापायची नाही, तीच पुढे न्यायची. पुढची जुडी आधीच्या देठांवर चार-पाच सेंटिमीटर सरकवून ठेवावी. अशा वीसेक जुड्यांत चक्कर पूर्ण होते. शेवटच्या जुडीचे देठ पहिल्या जुडीच्या शेंड्याखाली खुपसावे लागतात. घाई केली की नेमकी तिथेच तार उघडी पडते.

बिघडतं ते बहुतेक वाळण्यामुळे. देठ वाळले की बारीक होतात, वेढे सैल पडतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जुड्या निसटू लागतात. म्हणून तार सुरुवातीलाच देठात रुतेल इतकी ओढावी. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची सुईसारखी पानं गरम खोलीत लवकर गळतात, नॉर्डमन जातीच्या फरची पुष्कळ टिकतात. पिकलेल्या सफरचंदांजवळ ठेवलेली हॉली पानं टाकते, कारण फळातून निघणारा इथिलीन वायू तिला सोसत नाही. हॉली आणि मिसलटो दोन्हींची फळं विषारी असतात, म्हणून मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाहीत इतकी उंच टांगावीत. वाळलेली फर रॉकेलसारखी पेटते, तिच्याजवळ मेणबत्ती नको.

वसई आणि गोव्यात हॉली नाही, फर नाही. तिथे समुद्रकाठच्या सुरूची फांदी नाताळचं झाड झाली. सुरूच्या हिरव्या काड्या पाण्याविना लवकर तपकिरी होतात, म्हणून फांदी शेवटी आणावी आणि ओल्या वाळूच्या बादलीत रोवावी. येशूजन्माच्या गोठ्यातलं गवत तर घरीच उगवतात. घटस्थापनेला धान्य पेरतात तसंच, पसरट भांड्यात भिजवलेली नाचणी किंवा गहू दाट पेरायचा. नाचणीला दहा दिवस द्यावेत, गव्हाला आठवडा पुरतो. याहून आधी पेरलं तर नाताळच्या रात्रीपर्यंत पाती पिवळी पडून आडवी होतात.