किडनीत तीन गाठी म्हणजे कॅन्सर ‘पसरला’ नव्हे

किडनीच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘मल्टिफोकल’ (एकाहून जास्त ठिकाणी गाठी) शब्द दिसला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत एकच निकाल लागतो: पसरला, चौथी स्टेज. मुंबईचा कोणी नातलग व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट बघून त्यावर शिक्काही मारतो.

ग्रेड आणि स्टेज वेगळी, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पेशी किती बिघडल्यात ते ग्रेड, आजार कुठवर पोचला ती स्टेज. पुढे जाऊ.

खरा घोळ गाठींच्या संख्येचा. एकाच किडनीत अनेक गाठी असल्या तर सर्वांत मोठी धरतात. समजा ३.८, २ आणि १.५ सेंमीच्या तीन गाठी आहेत आणि तिन्ही किडनीच्या आतच आहेत. मोठी ४ सेंमीच्या आत, म्हणून टी१ए (टी म्हणजे मूळ गाठ किती मोठी आणि कुठवर गेली त्याची खूण). बेरीज ७.३ करून टी२ (७ सेंमीच्या वरची गाठ) म्हणणारे भेटतात. बेरीज करायचीच नसते. ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या, म्हणजे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात हेच ‘पीटी१ए (एम)’ असं येतं (पी म्हणजे पॅथॉलॉजी) आणि तिथेच घात होतो. कंसातला लहान इंग्रजी एम म्हणजे फक्त ‘एकाहून जास्त गाठी’. दूर पसरल्याचा एम मोठ्या लिपीतला, सुटा, पुढे आकडा असलेला: एम१. दोन्ही किडन्यांत गाठी असल्या तर दोन्ही बाजूंची स्टेज स्वतंत्र लावतात.

पसरणं म्हणजे किडनीतल्या पेशी फुप्फुसात, हाडांत, यकृतात किंवा मेंदूत जाऊन रुजणं. फुप्फुस सर्वांत नेहमीचं, म्हणून छातीचाही सीटी लागतो. किडनीच्या डोक्यावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी मात्र भल्याभल्यांना चकवते. त्याच बाजूची गाठ वाढत सलग तिच्यात शिरली तर टी४; ग्रंथीत सुटी गाठ सापडली तर एम१. स्टेज दोन्हीकडे चारच.

एवढा कीस पाडायचा तो उपचारांसाठी. पसरलेल्या आजारात भर इम्युनोथेरपीवर (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) आणि टार्गेटेड गोळ्यांवर (कॅन्सरच्या वाढीच्या नेमक्या वाटा रोखणाऱ्या). किडनीतच अनेक गाठी असतील तर शक्य तिथे गाठी काढून किडनी वाचवायची. ‘अख्खी काढून टाका, कटकट नको’ हा सल्ला ऐकला की डोकं उठतं, कारण उद्या दुसऱ्या किडनीत गाठ आली तर डायलिसिसची वेळ येऊ शकते. तरुण वय, दोन्ही बाजूंना गाठी, घरात कोणाला मेंदूत किंवा डोळ्यात गाठ झालेली, असं असेल तर व्हीएचएलची (वॉन हिप्पेल-लिंडाऊ, घराण्यात चालणारा, किडनी-मेंदू-डोळ्यांत गाठी आणणारा आजार) जनुकीय तपासणी करून घ्यावी. या आजारात किडनीतली सर्वांत मोठी गाठ साधारण ३ सेंमी होईपर्यंत बहुधा नजर ठेवतात, मग ऑपरेशन.

आणि लघवीतून रक्त गेलं की मुतखडाच समजून कुळथाचा काढा पीत बसू नये, आधी सोनोग्राफी.

परळला (टाटा हॉस्पिटल) किंवा बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेज) दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको. सीटीची सीडी, क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्ट, आणि ऑपरेशन झालं असेल तर काढलेल्या गाठीच्या स्लाइड व ब्लॉक (तपासणीसाठी जपून ठेवलेले तुकडे) मागून घ्या.