फॉलिक अ‍ॅसिड आणि बी १२ : दोन्ही "रक्ताच्या गोळ्या", पण एकीचं काम दुसरी करत नाही

माझी मावशी तोंड धुताना बेसिनची कड घट्ट धरून उभी राहायची. डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की लगेच तोल जायचा. चालता चालता एका पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि तिला कळायचंच नाही, आम्ही दाखवली की बघायची. तळपायाला मुंग्या सहा महिन्यांपासून, पण सगळे म्हणायचे वय झालं आता, रक्ताच्या गोळ्या चालू आहेत, हिमोग्लोबिन पण वाढलंय, मग काळजी कसली. त्या गोळ्यांत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड होतं, बी १२ नव्हतंच. मावशी शुद्ध शाकाहारी, दूध फक्त चहापुरतं.

तर आधी हे दोन वेगळे करून घेऊ. फॉलेट म्हणजे बी ९, नावच लॅटिनमधल्या "पान" ह्या शब्दावरून पडलंय. पालक, मेथी, चवळी, डाळी, हरभरे, शेंगदाणे ह्यात ते भरपूर असतं, फक्त भाजी खूप शिजवली आणि पाणी फेकून दिलं की बरंचसं जातं. फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं, कारखान्यात बनवलेलं रूप. बी १२ मात्र कुठलीच भाजी बनवत नाही, ते जंतू बनवतात आणि प्राण्यांमार्फत आपल्या ताटात येतं: दूध, दही, अंडी, मासे, मटण, कलेजी. दिवसाला लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्राम. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, फॉलेटचा मात्र काही महिनेच, म्हणून बी १२ ची कमतरता इतकी हळू येते की कधी सुरू झाली तेच सांगता येत नाही.

घोळ होतो तो रक्तात. नवीन पेशी बनवायला दोन्ही लागतात, त्यामुळे कुठलंही एक कमी पडलं तरी तांबड्या पेशी नीट विभागत नाहीत, मोठ्या होऊन बसतात, रिपोर्टमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर जातो. थकवा, धाप, गुळगुळीत लाल जीभ, सगळं सारखंच. आणि सोबत लोह पण कमी असेल, जे आपल्याकडे खूप जणींचं असतं, तर त्याने पेशी लहान होतात, आणि एमसीव्ही नॉर्मल दिसून अजूनच फसगत.

ह्या गोष्टीचा एक मोठा धागा आपल्या मुंबईतला आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली आणि गरोदरपणात पांढऱ्याफटक पडणाऱ्या बायकांचा अभ्यास करायला लागली, त्यात गिरणीत काम करणाऱ्या बऱ्याच होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बऱ्या व्हायच्या, ते तिने १९३१ मध्ये छापलं. परनिशस अ‍ॅनिमियावर (ज्यात पोटातून बी १२ शोषलंच जात नाही) चालणारा शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क अशा अ‍ॅनिमियाला लागू पडत नाही हेही पुढे तिनेच दाखवलं. म्हणजे दिसायला एकच आजार, पण उणीव वेगळी. यीस्टमधलं ते फॉलेट निघालं, १९४१ मध्ये पालकातून वेगळं काढलं गेलं, आणि लिव्हरमधलं बी १२ हाती लागायला १९४८ उजाडलं.

आता मावशीचं काय झालं ते. बी १२ नसलं की शरीरातलं फॉलेट एका रूपात अडकून पडतं, वापरता येत नाही. गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या वाटेने आत शिरतं, पेशी बनायला लागतात, हिमोग्लोबिन चढतं, सगळे खूश. पण नसांवरचं आवरण टिकवायला बी १२ च लागतं, तिथे फॉलिक अ‍ॅसिड काहीच करू शकत नाही. रक्त सुधारतं आणि नसा आतल्या आत खराब होत राहतात. मला ह्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण रिपोर्ट चांगला आला की कोणी पुढे बघत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त जणींचं बी १२ कमी, फॉलेट मात्र जवळजवळ सगळ्यांचं ठीक. ज्यांचं फॉलेट जास्त आणि बी १२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं (२००८).

म्हणून फॉलिक अ‍ॅसिड सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यावर २८ दिवसांत बंद होते, तेव्हा पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं, त्यामुळे मूल हवंय असं ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्राम घ्यायलाच हवं. मेथोट्रेक्सेट ह्या संधिवातासारख्या आजारांवरच्या औषधासोबत डॉक्टरांनी दिलं असेल तर तेही बंद करू नका. फक्त शाकाहारी असाल, साठी ओलांडली असेल, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर एकदा बी १२ तपासा, आणि शक्यतो गोळ्या-इंजेक्शन सुरू करायच्या आधी, नंतर आकडा उगाच चांगला दिसतो. आकडा काठावर असेल तर रक्तातले आणखी दोन पदार्थ तपासता येतात: होमोसिस्टीन दोन्हींच्या कमतरतेत वाढतं, मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड फक्त बी १२ च्या.

मावशीला इंजेक्शनं दिली, चार-पाच महिन्यांत तोल सावरला, पण बोटांचा बधिरपणा अजून आहे. घरातल्या रक्ताच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, सायनोकोबालामिन, मिथाइलकोबालामिन किंवा तसलं कुठलंच "कोबालामिन" लिहिलेलं नसेल तर त्यात बी १२ नाहीये.