फिलरचा परिणाम लवकर ओसरणे

फिलर म्हणजे चेहऱ्यावरचे खळगे, घड्या किंवा ओठांचा पातळपणा भरून काढण्यासाठी त्वचेखाली टोचले जाणारे जेल. ‘महिनाभरात सगळे उतरले’ ही त्याबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार. तिच्या पोटात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात: टोचल्यामुळे आलेली सूज उतरणे, नव्या चेहऱ्याला डोळा सरावणे आणि जेल खरोखर विरघळणे. पहिल्या दोन गोष्टी काही आठवड्यांत घडून जातात. तिसरीला महिने, कधी वर्षे लागतात. पहिल्या महिन्यातल्या तक्रारीमागे जेल विरघळणे हे कारण क्वचितच असते. तरीही उपाय बहुधा तिसऱ्याच गोष्टीवरचा, म्हणजे आणखी एक सिरिंज, केला जातो आणि पुढचे बरेच घोटाळे तिथून सुरू होतात.

जेल टिकते कसे

आज वापरातली बहुसंख्य फिलर हायल्युरॉनिक आम्लाची असतात. शर्करेच्या लांबलचक साखळ्यांचे हे द्रव्य कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या डोळ्यांतील पारदर्शक द्रवातून वेगळे केले. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे १५ ग्रॅम असते आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश रोज मोडून नव्याने तयार होते. त्वचेतल्या नैसर्गिक रेणूचे अर्धायुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. त्यामुळे हे आम्ल जसेच्या तसे टोचले तर भराव म्हणून त्याचा उपयोग नाही. शरीर ते थोड्याच दिवसांत फस्त करते.

फिलर बनवताना या साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना बांधतात. त्यासाठी बहुतेक उत्पादनांत बीडीडीई हे रसायन वापरले जाते. बांधलेल्या जाळीत हे आम्ल मोडणाऱ्या हायल्युरॉनिडेझ या विकराचा (एन्झाइमचा) शिरकाव हळू होतो, म्हणून दिवसांचे आयुष्य महिन्यांवर जाते. एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम आम्ल असते. बाकी जवळजवळ सगळे पाणी. मात्र केवळ मिलिग्रॅमच्या आकड्यावरून टिकाऊपणा ठरत नाही. गाठी किती, साखळ्या किती लांब, जेल दाबाला किती दाद देते आणि किती एकसंध राहते, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. कडक जेल गालाच्या हाडावर उठाव धरून ठेवते; तेच ओठात घातले तर हाताला लागते. ओठांसाठीचे मऊ जेल गालात घातले तर ते दबून पसरते आणि ‘उतरले’ असे वाटते, वास्तविक ते तिथेच असते.

जेल मोडण्याची रीत मोठी फसवी आहे. गाठी तुटू लागल्या की जाळी सैल होते आणि सैल जाळी जास्त पाणी धरते. आम्लाचे वजन घटत असतानाही जेलचे आकारमान बराच काळ जवळपास तेवढेच राहते. शेवटी जाळी इतकी विरविरीत होते की पाणी धरवत नाही आणि मग उठाव काही आठवड्यांत खाली येतो. पाहणाऱ्याला हे अचानक घडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते पहिल्या दिवसापासून चालू असते.

पहिले दोन आठवडे

सुई किंवा कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) त्वचेखालून फिरली की ऊतींना इजा होते आणि सूज येते. ती पहिल्या २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते. बराचसा भाग आठवड्याभरात उतरतो, दोन आठवड्यांत बहुतेक सगळा जातो. ओठ आणि डोळ्यांखालचा भाग याहून जास्त वेळ घेऊ शकतो. काही जेले टोचल्यावर आजूबाजूचे पाणी ओढून थोडी फुगतात, त्याचीही भर पडते. ओठ दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतात तसे ते कधीच राहणार नसतात. पण नेमके त्याच सुमारास आरशात पाहून मनात ठसलेले चित्र पुढच्या प्रत्येक तुलनेचा आधार होते. उपचार संपताच खुर्चीतच काढलेले ‘नंतरचे’ छायाचित्रही याच कारणाने निरुपयोगी: त्यात जेल किती आणि सूज किती हे वेगळे करता येत नाही.

खरा परिणाम दोन आठवड्यांनी पाहावा, ओठ आणि डोळ्यांखालच्या भागाबाबत चार आठवड्यांनी. त्याआधी ‘कमी पडले’ किंवा ‘जास्त झाले’ यांपैकी कोणताही निवाडा कच्चा ठरतो.

मात्रा अपुरी असणे

एका सिरिंजमध्ये बहुधा १ मिलिलिटर जेल असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. दोन्ही गालांत वाटले तर प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. ओठांत एवढे जेल स्पष्ट दिसते, गालांत मात्र सूज असेपर्यंतच जाणवते आणि मग हरवल्यासारखे होते. ते गेलेले नसते. मुळात दिसण्याइतके नव्हतेच.

जाहिरातींत सांगितलेले महिने यामुळेच दिशाभूल करतात. ‘दोन वर्षांपर्यंत’ हा आकडा चाचण्यांतून येतो आणि चाचणीत चेहरा पूर्ण भरेपर्यंत मात्रा दिली जाते, महिन्याभराने उरलेली कसर भरून काढण्याची सोयही असते. गालांसाठी २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जुव्हेडर्म व्हॉल्युमा या हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरच्या चाचणीत दोन्ही वेळा मिळून वापरलेल्या मात्रेचा मध्यक सुमारे ६.६ मिलिलिटर होता. एका सिरिंजकडून तोच टिकाऊपणा मागणे गैर आहे. शिवाय चाचणीत ‘परिणाम टिकला’ याचा अर्थ ठरावीक मोजपट्टीवर, उदाहरणार्थ घडीच्या खोलीच्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर, निदान एका पायरीची सुधारणा शिल्लक आहे, इतकाच असतो. पहिल्या दिवसाचा उठाव जसाच्या तसा आहे असे त्यात कोणी म्हटलेले नसते.

जागेनुसार फरक

जिथे स्नायूंची हालचाल जास्त, तिथे जेल लवकर दबते, पसरते आणि मोडते. ओठांत ते साधारण ६ ते १२ महिने, नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीत ९ ते १८ महिने, हाडालगत खोलवर ठेवलेल्या गालांत किंवा हनुवटीत दीड-दोन वर्षे दिसते. डोळ्यांखालच्या खळीत हालचाल कमी असल्याने थोडेसे जेलही वर्षाहून जास्त टिकते. हे अंदाज आहेत. व्यक्तीगणिक बराच फरक पडतो. एमआरआय चित्रणात गालाच्या मध्यभागी टोचलेले जेल कित्येक वर्षांनंतरही आढळले आहे, तेही फिलर केव्हाच विरघळले असे समजणाऱ्या लोकांत. तेव्हा चेहऱ्यावर दिसत नाही म्हणजे आत नाही, हे समीकरण चुकीचे आहे.

एकाच जागी खोलीचाही प्रश्न येतो. हाडालगत ठेवायचे जेल चरबीच्या वरच्या थरात पडले की ते बोलताना-हसताना सतत हलते. ओठांत ते कडेच्या रेषेबाहेर सरकून वरच्या कातडीत जाऊन बसते. मग ओठ पातळ दिसतो आणि ओठावरचा भाग फुगीर. अशा वेळी ओठात आणखी जेल घालणे हा सर्वांत वाईट पर्याय. आधीचे विरघळवून, सूज उतरल्यावर नव्याने भरणे हा योग्य मार्ग.

सर्व फिलर सारखी नसतात

गायीच्या कोलॅजनचे फिलर अमेरिकेत १९८१ पासून मिळू लागले. ते तीन-चार महिन्यांत जाई आणि त्याआधी ॲलर्जीची चाचणी करावी लागे. २००३ च्या डिसेंबरमध्ये तिथे रेस्टिलेन या हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरला मान्यता मिळाली आणि हायल्युरॉनिक आम्लाने कोलॅजनची जागा घेतली. ही तुलना आज कोणाच्या मनात नसते, म्हणून वर्षभराचा परिणामही तोकडा वाटतो.

पॉली-एल-लॅक्टिक आम्लाच्या फिलरमध्ये (स्कल्प्ट्रा) तर ओसरणे हा ठरलेलाच टप्पा आहे. त्याची भुकटी पाण्यात मिसळून टोचतात. दिसणारा उठाव त्या पाण्याचा असतो आणि तो दोन-तीन दिवसांत जातो. आत राहिलेले कण पुढचे काही महिने शरीराला नवे कोलॅजन तयार करायला लावतात. खरा परिणाम त्या कोलॅजनचा, म्हणून चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका लागतात. हे आधी सांगितले नसेल तर आठवड्याभरात रिकामा चेहरा पाहून ‘फसवणूक झाली’ असे वाटणारच. उपचारानंतर पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच मिनिटे मालिश करण्याचा सल्लाही याच फिलरपुरता आहे. हायल्युरॉनिक आम्लाच्या जेलवर तशी मालिश केली तर ते जागचे हलते.

कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइटच्या फिलरमध्ये (रेडिएस) सुमारे ३० टक्के सूक्ष्म गोळ्या आणि ७० टक्के वाहक जेल असते. वाहक जेल दोन-तीन महिन्यांत शोषले जाते आणि कोलॅजन अजून पुरेसे आलेले नसते. त्यामुळे मध्येच एक घसरण जाणवू शकते, पुढे ती काही अंशी भरून निघते.

स्वतःचीच चरबी काढून चेहऱ्यात भरली असेल तर हिशेब निराळा: तिचा बराच भाग पहिल्या काही महिन्यांत शोषला जातो आणि ज्या पेशींना रक्तपुरवठा मिळाला त्या उरतात.

शरीराकडून होणारी भर

वजन झपाट्याने उतरले तर चेहऱ्यातली चरबीही जाते. आतले जेल तेवढेच राहते, भोवतालचा आधार मात्र खचतो आणि दोष फिलरला लागतो. भूक कमी करणाऱ्या नव्या औषधांमुळे वजन घटवत असलेल्यांनी वजन स्थिरावेपर्यंत भराव पुढे ढकलणे शहाणपणाचे. ऊन आणि धूम्रपान यांमुळे तयार होणारे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल) हायल्युरॉनिक आम्लाच्या साखळ्या तोडू शकतात, त्वचेचे स्वतःचे कोलॅजनही झिजवतात. भरपूर व्यायाम करणाऱ्यांत फिलर लवकर जाते असे हटकून सांगितले जाते, पण त्यामागचा पुरावा तोकडा आहे. व्यायाम सोडण्याचे ते कारण नव्हे.

बोटॉक्स (स्नायू सैल करणारे इंजेक्शन) आणि फिलर एकाच बैठकीत घेतले असतील तर गोंधळ ठरलेला. बोटॉक्सचा प्रभाव तीन-चार महिन्यांत उतरतो, कपाळ-भुवयांच्या रेषा परततात आणि सगळाच उपचार संपल्यासारखा वाटतो. उलट, हनुवटीसारख्या ओढ असलेल्या भागात स्नायू सैल असेपर्यंत जेलवरचा ताणही कमी असतो.

फिलर असलेल्या भागावर रेडिओफ्रीक्वेन्सीसारखे खोलवर उष्णता देणारे उपचार करायचे असतील, तर कोणते जेल कुठे आणि किती खोल आहे हे त्या डॉक्टरांना आधी सांगावे लागते.

खरे किती गेले हे तपासणे

आठवणीवर विसंबून हे ठरत नाही. उपचाराआधी, दोन आठवड्यांनी आणि मग तीन, सहा, नऊ महिन्यांनी छायाचित्रे घ्यावीत: तीच जागा, तोच प्रकाश, तेच अंतर, चेहरा सैल, केस मागे, मेकअप नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत आणि पूर्ण बाजूने, अशी पाच चित्रे पुरतात. मोबाइल नाकाजवळ धरून काढलेला सेल्फी चालत नाही. जवळून काढल्यामुळे नाक मोठे, गाल मागे गेलेले दिसतात. प्रकाश वरून पडला तर डोळ्यांखालची खळ भरलेली असतानाही खोल दिसते. चित्रे शेजारी-शेजारी ठेवली की अनेकांची तक्रार तिथेच विरते, कारण मूळ चेहरा कसा होता हे ते विसरलेले असतात.

शंका उरलीच तर उच्च वारंवारतेची सोनोग्राफी उपयोगी पडते. हायल्युरॉनिक आम्लाचे जेल तिच्यात बहुधा काळ्या कप्प्यांसारखे दिसते, ते कोणत्या थरात आहे आणि सरकले आहे का हेही कळते. पूर्वी कुठे काय भरले याची नोंद नसलेल्या चेहऱ्यात नवीन सुई घालण्याआधी हे करून घ्यावेच.

पुन्हा भरण्याची वेळ

दोन ते चार आठवड्यांच्या तपासणीत दोन्ही बाजूंत फरक असेल किंवा ठरलेला उठाव आला नसेल तर थोडीशी भर घालणे रास्त. त्यानंतर मात्र ‘महिना झाला, थोडे कमी वाटते’ म्हणून सिरिंज घेत गेल्यास जेलवर जेल साचते. गाल जड होतात, हसताना डोळे बारीक होतात, ओठाची कड पुसट होते. सरावलेल्या डोळ्याला हे शेवटी दिसते, इतरांना आधी. जेल पूर्ण संपण्याची वाट पाहायलाच हवी असेही नाही. थोडे शिल्लक असताना केलेल्या पुनर्भरणाला बहुधा पहिल्यापेक्षा कमी मात्रा पुरते, कारण आधीचे जेल बाकी असते आणि त्याने ताणलेल्या पेशी थोडे कोलॅजनही तयार करतात.

काही प्रसंगी मात्र संशय उत्पादनावरच घ्यावा लागतो. सूज उतरताच दोन-तीन आठवड्यांत काहीही उरले नाही, बोटांना काही लागत नाही, सोनोग्राफीतही काही नाही, तर जेल बनावट, पातळ केलेले किंवा गाठी न बांधलेले असू शकते. त्वचेची चमक वाढवण्यासाठी टोचले जाणारे ‘स्किन बूस्टर’ फिलर म्हणून दिले गेले असेल तरी असेच होते. म्हणून बंद खोके डोळ्यांसमोर उघडायला सांगावे. सिरिंजच्या वेष्टनावर बॅच क्रमांकाचे चिकटपत्र असते. त्याची एक प्रत रुग्णाकडे राहायला हवी. सोबत तारीख, कोणत्या जागी किती मिलिलिटर, सुई की कॅन्युला, आणि किती खोल, एवढे लिहून घ्यावे. पुढचा डॉक्टर बदलला तरी हा कागद उपयोगी पडतो.

कमी होण्याऐवजी टोचल्याजागी त्वचा पांढरी पडली, जाळीदार जांभळी नक्षी उमटली, वाढत जाणारी वेदना सुरू झाली किंवा नजर अंधुक झाली, तर प्रश्न टिकाऊपणाचा उरत नाही. ही रक्तवाहिनी बंद झाल्याची लक्षणे असू शकतात आणि दोन आठवड्यांची वाट न पाहता त्याच तासाला उपचार लागतात.